व्हॅलेटातलं गाऱ्हाणं

मी बोटींच्या कंपनीत होते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या साडीकडे. दोराच्या शिडीवरून ही बाई कशी चढत असेल, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. मी कधीच चढले नाही. माझी नोकरी सिंगापूरला एका खुर्चीत झाली. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बाजूला आमचं ऑफिस होतं, आता त्या भागाला हार्बरफ्रंट म्हणतात. खिडकीतून इंडोनेशियातल्या बाटम बेटाला जाणाऱ्या फेरीबोटी दिसायच्या आणि डोक्यावरून सेंटोसाच्या केबल कार जायच्या. समुद्राशी माझा संबंध तेवढाच.

काम सांगते. जहाजाचा मालक एका देशातला असतो, झेंडा दुसऱ्याचा, माल तिसऱ्याचा. त्यावर माणसं पुरवायची ती आमच्यासारख्या कंपनीने. कुणाचा करार कधी संपतो, तो कुठल्या बंदरात उतरणार, त्याच्या जागी कोण चढणार, त्याचं विमान कुठलं, हे सगळं जुळवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण जहाज उशिरा येतं, विमान वेळेवर जातं, आणि बदलीच्या माणसाच्या आजीला नेमकं त्याच दिवशी बरं वाटेनासं होतं. एका बहाद्दराने रॉटरडॅमला शेजारच्या धक्क्यावरच्या भलत्याच जहाजावर चढून केबिन मिळवली आणि जेवूनही घेतलं. तिथल्या कॅप्टनला संशय आला तो दुसऱ्या दिवशी. मला फोन करून तो म्हणाला, "मॅडम, तुमचा फिटर चांगला आहे, पण आमचा नाही."

खरं काम मात्र बायकांच्या फोनचं. रत्नागिरी, अलिबाग, मालवण, डोंबिवली, कुठून कुठून फोन यायचे. टीव्हीवर जपानजवळ वादळ दाखवलं की मुलगा ब्राझीलला असला तरी आई घाबरलेली. त्यांना नकाशा समजावून सांगण्यात मी पुष्कळ वर्षं घालवली.

बंदरं मला कागदावरून पाठ होती. प्रत्येक बंदरात आमचा एक एजंट, आणि माझ्या लेखी बंदर म्हणजे त्या एजंटाचा आवाज. माल्टा बेटावरचं व्हॅलेटा म्हणजे जोसेफ. घोगरा, शांत, भारदस्त आवाज. "कन्सिडर इट डन, मॅडम," एवढं एकच वाक्य बोलायचा आणि काम झालेलं असायचं. भूमध्य समुद्रातून जाणारी आमची जहाजं व्हॅलेटाबाहेर थोडी थांबत, जोसेफ लाँचमधून माणसं नेई-आणी. मी मनात त्याला सहा फूट उंच, पांढऱ्या दाढीचा ठरवून टाकलं होतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आमच्या एका मालवाहू जहाजावर विलास मयेकर नावाचा सेकंड इंजिनियर होता. मालवणच्या बाजूचा. मितभाषी, सावळा, कामाला वाघ. जहाज युरोपातून निघून सुएझमार्गे सिंगापूरला यायचं होतं आणि पुढे जपानला जायचं होतं. अधिकाऱ्यांच्या बायकांना बरोबर जायची परवानगी असे, म्हणून त्याची बायको वृंदा सिंगापूरला येऊन थांबली होती. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, आणि त्यातली निम्मी त्याने समुद्रावर काढली होती. जहाज रखडलं. हॉटेलात ही बाई नुसता पाव खाऊन राहते असं कळल्यावर मी तिला आंग मो किओला आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. दुसऱ्याच दिवशी तिने खालच्या बाजारातून बांगडे आणले आणि कोळणीने पाहिलं तर मान डोलवेल असे साफ केले. आमच्या घरात मासळी कधी शिजली नव्हती. माझी मुलगी नाक-डोळे पुसत तिथल्या इंग्रजीत म्हणाली, "आंटी, सो स्पायसी लाह!" आणि दोनदा भात घेतला. माझ्या नवऱ्याने त्या आठवड्यात जेवताना वर्तमानपत्र वाचलं नाही. वृंदा मला ताई म्हणायची.

आणि एका सकाळी कॅप्टनचा टेलेक्स आला. माल्टाच्या जवळपास समुद्र खवळलेला असताना मयेकर इंजिनरूमच्या शिडीवरून खाली पडला होता. डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती. जहाज व्हॅलेटाकडे वळवलं होतं.

आमच्या डिपार्टमेंटात एक नियम होता आणि तो मीच घालून दिला होता. डॉक्टरशी स्वतः बोलल्याशिवाय घरच्यांना काही सांगायचं नाही. अर्धी बातमी ही पूर्ण वाईट बातमीपेक्षा वाईट, हे मी अनुभवाने शिकले होते. नियम करताना मला हे सुचलं नव्हतं की ज्या बाईला सांगायचं नाही तीच एखाद्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात उभी असेल. त्या संध्याकाळी तिने बांगड्याचं तिखलं केलं होतं. "ताई, जहाजाचं काही कळलं?" तिने वाढता वाढता विचारलं. मी म्हटलं, "अजून भूमध्य समुद्रातच आहे." खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी जोसेफने कळवलं की ऑपरेशन झालं, कवटीखाली साचलेलं रक्त काढलं, माणूस जिवंत आहे. त्याच्या पुढच्या दिवशी सर्जनचाच फोन आला. म्हातारा, इंग्लंडमध्ये शिकलेला, एकेक शब्द तोलून बोलणारा माणूस. रुग्ण जागा झाला आहे, बोलतो आहे, पण इंग्रजीचा एक शब्द त्याच्या तोंडून येत नाही. जे येतं ते भाषा आहे की नुसती बडबड, हे इथे कुणालाच सांगता येत नाही. आणि ते कळणं फार गरजेचं आहे, कारण नव्या तपासणीत आत आणखी थोडं रक्त दिसतं आहे. डोकं ठिकाणावर असेल तर ते रक्त आपोआप जिरायला सोडता येईल. भ्रमिष्ट होत चालला असेल तर कवटी पुन्हा उघडावी लागेल, आणि इतक्या लवकर दुसऱ्यांदा उघडणं हे काही साधं काम नाही.

"मी प्रश्न सांगतो, तुम्ही त्याच्या भाषेत विचारा," तो म्हणाला. तो दुसऱ्या फोनवरून ऐकत राहिला आणि तिथल्या नर्सने मयेकरच्या कानाशी फोन धरला.

"मयेकर, मी सिंगापूरहून दामले मॅडम बोलतेय."

जड जिभेने तो म्हणाला, "मॅडम, तो व्हॉल्व बंद केल्यानी काय? बघूक सांगा."

मी पुण्याची, पण कोकणातल्या माणसांत इतकी वर्षं काढल्यावर मालवणी मला घरच्यासारखी कळते. माझा जीव भांड्यात पडला. मी सर्जनला सांगितलं, भाषाच आहे, आणि एखाद्या इंजिनियरने विचारावं तेच विचारतो आहे. मग प्रश्न सुरू झाले. नाव काय? बरोबर सांगितलं. कुठे आहात? "बोटीर." तेवढं चुकलं. महिना कुठला? "शिमगो इलो ना." हे सर्जनला समजावताना माझी तारांबळ उडाली. महिन्याऐवजी सण सांगितला आहे, पण तो सण याच महिन्यात येतो, तेव्हा धरा बरोबर. त्याने धरलं.

"बायकोचं नाव विचारा."

मी विचारलं.

"सुमन," मयेकर म्हणाला. आणि मग घाईघाईने, "मॅडम, सुमनाक सांगू नकात. ती घाबारतली."

हा धंदा माणसाचं मन फारसं निर्मळ ठेवत नाही. एकाच खलाशाच्या दोन बायकांनी दोन शहरांतून एकाच दिवशी माझ्याकडे त्याची चौकशी केलेली मी ऐकली होती. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा तेच आलं, की आहे कुणीतरी सुमन. आणि लगेच दुसरं आलं, की नसेलही कुणी, डोक्यातच गोंधळ झाला असेल. दोन्हींतलं काय बरं, हे ठरवता येईना. सर्जन वाट बघत होता. मी म्हटलं, "त्याच्या पत्नीचं नाव वृंदा आहे. हे नाव तिचं नाही."

सर्जन म्हणाला की हे चांगलं लक्षण नव्हे. पत्नीला शक्य तितक्या लवकर आणा, संमती लागेल.

आमचे साहेब मिस्टर लिम यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यू गो लाह, मिसेस दामले. हू एल्स?" खरंच, दुसरं होतं कोण?

घरी येऊन मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पडले, ऑपरेशन झालं, शुद्धीवर आहेत, आपण दोघी निघतोय. सगळं म्हणजे एक सोडून. ती एकटक बघत होती.

"बोलले तुमच्याशी?"

"बोलले. व्हॉल्वची चौकशी केली."

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं ना."

"काय म्हणाले?"

"वृंदा म्हणाले."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की माझं खोटं पकडलं गेलं असंच मला वाटलं. पण ती उठली. आत गेली, साड्यांच्या घड्या घालून बॅगेत भरू लागली. रडली नाही. मी मनात म्हटलं, काय घट्ट बाई आहे.

सिंगापूरहून रोम, रोमहून माल्टा. त्या प्रवासात तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मी मात्र दर थोड्या वेळाने तोंड उघडायची आणि मिटायची. सांगावं का? आणि सांगायचं काय? तुमचा नवरा शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या बाईचं नाव घेतोय? की त्याचं डोकं कामातून गेलंय? रोमच्या विमानतळावर मी जोसेफला फोन लावला. त्याने सर्जनचा निरोप सांगितला. रोज विचारतात, रोज तेच चुकीचं नाव सांगतो, सुमन. खिडकीशी बसलेल्या तिच्या पाठीकडे बघून मी फोन खाली ठेवला.

माल्टाच्या विमानतळावर एक बुटका, गोल, टक्कल पडलेला गृहस्थ धावत पुढे आला आणि म्हणाला, "मॅडम!" आवाज जोसेफचाच होता. एरवी मला हसू आवरलं नसतं. त्याने सांगितलं की सकाळपासून मयेकरच्या पुन्हा तपासण्या चालू आहेत, संध्याकाळपर्यंत कुणालाही आत सोडणार नाहीत. तोवर त्याचं गोदीत काम होतं. हॉस्पिटल शहराबाहेर, खाडीपलीकडे. त्याने आम्हाला व्हॅलेटात सोडलं, एक खानावळ दाखवली आणि संध्याकाळी वेशीपाशी न्यायला येतो म्हणाला.

तर असं मी सिंगापूरबाहेरचं माझ्या आयुष्यातलं पहिलं परदेशी बंदर पाहिलं. जिथे मी अगणित माणसं पाठवली होती, त्या गावात मी उभी होते आणि माझं कशात लक्ष नव्हतं. सगळं गाव एकाच पिवळसर दगडाचं. रस्ते इतके उभे की काहींना पायऱ्याच केलेल्या. दोन्ही बाजूंना उंच घरं, घरांना हिरव्या-लाल रंगाच्या लाकडी बंद बाल्कन्या, आणि प्रत्येक रस्त्याच्या टोकाला समुद्राचा एक तुकडा. शेकडो वर्षांपूर्वी धर्मयुद्धातल्या सरदारांनी तुर्कांच्या धास्तीने बांधलेलं शहर म्हणे. त्या दुपारी मला ती धास्ती दगडांत अजून शिल्लक असल्यासारखी वाटली. घंटा वाजल्या की मी दचकत होते. खानावळीत आमच्यापुढे रिकोटा चीज भरलेल्या गरम करंज्या आल्या. दोघींनी त्या चिवडल्या आणि उठलो.

चालत चालत तटावरच्या एका बागेत आलो. कठड्यापाशी गेलो आणि खाली सगळं बंदर एकदम दिसलं. निळं पाणी, पलीकडे तट, त्यामागे आणखी तट, बुरूज थेट पाण्यात उतरलेले. एक मालवाहू जहाज टगबोटींच्या मागे हळूहळू आत येत होतं. ते बघून वृंदा पहिल्यांदाच आपणहून बोलली.

"आमचा सिंधुदुर्ग असाच पाण्यात उभा आहे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "ताई, माझ्याबरोबर व्हय म्हाराजा म्हणाल?"

मला कळलं. कोकणात गावच्या देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला हुंकार द्यायचा. एकट्याने घालून चालत नाही, व्हय म्हणायला कुणीतरी लागतं. हे काम पुरुषांचं, गावकऱ्यांचं. पण इथे गावकरी कुठून आणायचे? मी चप्पल काढून उभी राहिले. शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्या माल्टीज बायका विणत होत्या, त्यांनी विणणं थांबवलं.

वृंदाने पदर खोचला, समुद्राकडे तोंड करून हात जोडले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. पुणेरी आवाजात ते फार विचित्र वाटलं.

"आज ह्या परमुलखात, दर्याच्या काठार उभी रवान तुका गाऱ्हाणा घालतंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"हय तुझा देऊळ नाय, गुरव नाय, नारळ नाय. पण तुझी नजर खय पोचणा नाय असा नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." आता माझाही आवाज चढला होता.

"माझ्या घोवाक बरो कर. त्याचा डोक्या थाऱ्यार हाड. जी काय इडापिडा आसात ती ह्या दर्यात बुडय, आणि तुझ्या सुमनचा कुंकू राख रे म्हाराजा!"

मी 'व्हय' म्हटलं आणि पुढचा शब्द तोंडातच राहिला.

"सुमन कोण?"

तिने डोळे उघडले. गाऱ्हाणं अर्ध्यावर तोडल्याबद्दल ती रागावलीच असावी. "मीच. रवळनाथ आमच्या गावचा देव, जन्मापासून मला सुमन म्हणून ओळखतो. त्याला वृंदा कोण ते कुठून कळणार?"

"आणि मयेकर? ते तुला काय म्हणतात?"

ती खाली बघू लागली. तशाही परिस्थितीत तिच्या चेहऱ्यावर लाज आली. "चारचौघांत वृंदा. सासूबाईंनी ठेवलंय ना ते नाव. पण आम्ही एकाच वाडीतले, ताई. लहानपणापासूनची ओळख. दोघंच असलो की सुमनच म्हणतात."

"अगं, मग तो सुमनच म्हणतोय!" मी ओरडले. "पहिल्या दिवसापासून सुमन म्हणतोय तो! सुमनला सांगू नका म्हणाला, घाबरेल म्हणाला!"

तिने माझं मनगट धरलं ते इतकं जोरात, की बांगडी हातात रुतली.

खरं तर हे मला, सगळ्या जगात मला, पहिल्याच क्षणी सुचायला हवं होतं. माझंही नाव लग्नात बदललेलं. ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं, लोकांनी पेढे खाल्ले आणि संपलं. पण माझं जुनं नाव माझ्या नवऱ्याने त्यानंतर एकदाही उच्चारलं नाही. त्यामुळे दुसरा एखादा नवरा ते जपून ठेवत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

जोसेफला यायला वेळ होता. आम्ही एक चढणीची गल्ली धावत पार केली, वेशीबाहेर एक टॅक्सी दिसली तिच्यात बसलो. तिथे सिंगापूरसारखीच डावीकडून वाहनं चालतात. बाकी सारखं काही नव्हतं. ड्रायव्हर वाटेत ओळखीच्या प्रत्येकाशी बोलायला थांबत होता. सुमन (आता मी तिला तेच म्हणणार) पुढच्या सीटची कड धरून बसली होती.

हॉस्पिटलात आम्हाला बघून सर्जन म्हणाला, "बरं झालं लवकर आलात." थिएटर संध्याकाळीच रिकामं होत होतं, उद्यापर्यंत थांबायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. सहीचा कागद तयार होता. मी त्याला धापा टाकत सांगू लागले. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नव्हे, नावही बदलतात. तिची दोन नावं आहेत. तो सांगतो ते बरोबर आहे. मीच तुम्हाला चुकीचं सांगितलं.

सर्जनने शांतपणे ऐकून घेतलं, पण त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही. त्याचं तरी काय चुकलं? कालपर्यंत फोनवर ठामपणे नाही म्हणणारी बाई आज घामेघूम होऊन हो म्हणत होती. मायेपोटी लोक काहीही बोलतात, हे त्याने माझ्याहून जास्त पाहिलं असणार. तो म्हणाला, "आत चला. पण तिने काही बोलायचं नाही. एक शब्दही नाही."

मयेकरच्या डोक्याला मोठं बँडेज होतं आणि चेहरा इतका सुजला होता की मी ओळखला नसता. सुमन पायथ्याशी उभी राहिली, दोन्ही हातांनी पदराचा बोळा तोंडाशी धरून. सर्जनने त्याच्या खांद्याला हात लावला, आणि मी विचारलं, "मयेकर, समोर कोण आहे?"

त्याचा एक डोळा उघडला. तो बराच वेळ नुसता बघत राहिला. इतका वेळ, की सर्जनने माझ्याकडे पाहिलं.

"सुमन," तो म्हणाला. मग कपाळावर आठी घालून, "बोट सिंगापूराक लागली काय?"

मी भाषांतर केलं.

"सिंगापूर?" सर्जनने विचारलं. "सिंगापूर कशाला मधे आलं?"

"कारण ती तिथे त्याची वाट बघत होती," मी म्हटलं. "ती समोर दिसली म्हणजे बोट सिंगापूरला पोचली असणार. तो विचार करतोय, डॉक्टर."

सर्जनने पुन्हा वाकून मयेकरच्या डोळ्यांत प्रकाश टाकला, हाताची बोटं दाबायला लावली, पाय उचलायला लावले. मग नर्सकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि सहीचा कागद खिशात ठेवून दिला. "आज रात्री नाही," तो मला म्हणाला. "उद्या बघू." सुमनला ते भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही. ती तिथेच फरशीवर खाली बसली.

ती 'उद्या बघू'ची टांगती तलवार आणखी काही दिवस होती, आणि त्या दिवसांत मी काय काय नवस बोलले ते इथे सांगत नाही. पण रक्त जिरत गेलं. एका सकाळी नर्सने पाणी दिल्यावर मयेकर "थँक यू, सिस्टर" म्हणाला, आणि सगळा वॉर्ड त्याच्याभोवती जमा झाला. पुढे तो पुन्हा जहाजावर गेला नाही. इंजिनाचा आवाज त्याला सोसेना. मालवणला त्याने होड्यांच्या इंजिनांचं दुकान काढलं.

सिंगापूरला परतल्यावर मी एक नवीन पद्धत सुरू केली. कुणाचीही बायको भेटायला आली की विचारायचं, "घरात तुम्हाला काय म्हणतात?" ऑफिसातल्या चिनी मुलींना वाटायचं, मॅडमचं डोकं फिरलं. बायका आधी लाजायच्या, मग हळूच सांगायच्या. चिमणी, बेबी, सोनू, एकीचं तर 'हवालदार' होतं. आणि निम्म्या जणी म्हणायच्या, "काहीच म्हणत नाहीत हो, नुसतं 'अगं'." अशांचं काय करायचं, त्याचं उत्तर मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

पण हे नंतरचं. मी व्हॅलेटाहून निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी हॉस्पिटलातून खाडीला वळसा घालून पायी गावात येत होतो. सुमन त्याच्याजवळ राहणार होती. ती आता जेवत होती, जोसेफच्या बायकोशी खाणाखुणांनी मासळीवर वाद घालत होती. चढणीवर दम लागला म्हणून एका घराच्या पायरीवर आम्ही टेकलो. मी तिला म्हटलं की तुझी मी खरंच वाखाणणी केली पाहिजे, घरी बातमी दिली तेव्हा तू डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस.

"तुम्ही सांगितलंत की ते वृंदा म्हणाले," ती म्हणाली. "तेव्हाच मी समजले की माणूस गेला माझा. वृंदा तर चारचौघांतलं नाव; मरणाच्या दारातून खरंच शुद्धीत आले असते तर सुमनच तोंडात आलं असतं. सिंगापूरपासून इथपर्यंत मी विधवाच होते, ताई. रडायचं काय त्यात."

तिचं दुःख वाचवायचं म्हणून मी जे बोलले होते, ते घेऊन ती अर्ध्या पृथ्वीवरून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून आली होती, आणि मी तिच्या घट्टपणाचं कौतुक करत होते.

"अगं, मग मला विचारलं का नाहीस?" मी म्हटलं. "एकदा तरी विचारायचंस, की खरंच वृंदा म्हणाले का."

"विचारलं असतं," सुमन म्हणाली, "आणि तुम्ही परत हो म्हणाला असतात, तर?"